आधी काय वाहिलं ते बघा, किती पळाली ते नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला कोथरूडला, मुळशी तालुक्यात वीस गुंठे जागा, तिथे छोटं घर बांधायचं आणि झाडं लावायचं काम चालू. दर शनिवारी-रविवारी रोपं, शेणखत, पाइप, कधी चार गोणी सिमेंट, कधी घरातलं जुनं फर्निचर न्यायचं असतं. आजवर हे सगळं मोटारीच्या डिकीत कोंबून चाललंय आणि डिकीला शेणखताचा वास कायमचा बसलाय. बजेट सहा लाखांपर्यंत. गाडी स्वतः चालवणार, ड्रायव्हर ठेवणार नाही. नवा छोटा टेम्पो घ्यावा की पाच-सात वर्षं जुनी मोठी पिकअप?

मी बावीस वर्षं पुण्यात मालवाहू गाड्यांची दुरुस्ती आणि जुन्या गाड्यांची देवघेव करतो. एवढ्या वर्षांत 'नवी की जुनी' यावरून सुरुवात करणारी माणसं बहुतेक वेळा चुकीची गाडी घेऊन गेलेली पाहिली. सुरुवात वजनावरून करायची. नवी घेणार असाल तर तुम्ही काय वाहणार, जुनी घेणार असाल तर आधीच्या मालकाने काय वाहिलं.

तुमच्या सामानाचं वजन करू. सिमेंटची गोणी ५० किलो, त्यामुळे दहा गोण्या म्हणजे अर्धा टन. पाचशे लिटरची पाण्याची टाकी भरून नेली तर पाणीच ५०० किलो, आणि वळणावर ते हिंदकळतं ते वेगळंच. ओलं शेणखत लोकांना हलकं वाटतं. टाटा एसचा हौदा आतून साधारण २.२ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक फूट खोल असतो. म्हणजे फाळक्याच्या काठापर्यंत सपाट भरला की जवळजवळ एक घनमीटर. तेवढं ओलं शेणखत ७०० ते ८०० किलो भरतं, म्हणजे गाडीची माल उचलायची ताकद तिथेच संपली. त्याच हौद्यात मुरूम भरलात तर दीड टनाच्या वर जाल आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उलटे वाकतील. वाळूचं तर बोलूच नका. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन चार टनांच्या पुढे. "अर्धा ब्रास आणू ना पिकअपमध्ये" असं सहज म्हणणारे रोज भेटतात. अर्धा ब्रास दोन टनांच्या वर जातो, आणि बाजारातल्या बहुतेक पिकअप सव्वा ते पावणेदोन टनांच्या आहेत.

ही ताकद जाहिरातीत बघू नका, आरसीवर बघा. तिथे रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं असे दोन आकडे असतात. वजाबाकी करा, त्यातून शेजारी बसणाऱ्याचं वजनही वजा करा. उरेल तेवढाच माल. मारुती सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीची तीच गाडी ६२५, कारण टाक्यांचं वजन गाडीलाच उचलावं लागतं. टाटा एस साडेसातशेच्या आसपास. अशोक लेलँड दोस्त सव्वा टन, टाटा इंट्रा व्ही-३० तेराशे किलो, बोलेरो पिकअप १.३ पासून १.७ टनांपर्यंत. जादा माल भरला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. दंडापेक्षा मला भीती उताराची वाटते.

आता जरा विचार करा. वाळू, विटा, फरशी, सळई यातलं तुम्ही स्वतः काय आणणार? वाळूवाला ब्रासच्या हिशेबानेच गाडी पाठवतो. फरशीच्या दुकानाचा टेम्पो असतो. सळई बारा मीटरची येते, ती तुमच्या नऊ फुटी हौद्यात मावणार नाही, आणि मागे लोंबकळत नेली तर मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतेल. घराचं जड सामान दुकानदाराच्या गाडीनेच येणार. तुमच्या वाट्याला उरतं ते उरुळी कांचनच्या नर्सरीतली रोपं, खत, वीस फुटांऐवजी दहा फुटांत कापून घेतलेले पाइप, पलंग-कपाटं, पाण्याची मोटर, थोडं सिमेंट. माझ्या अंदाजाने एका फेरीला तीनशे ते सहाशे किलो. एवढ्यासाठी पावणेदोन टनांची गाडी म्हणजे दारात हत्ती बांधणं झालं.

हत्तीचा चारा बघायचाच तर तो गाडी उभी असतानाही लागतो. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे साडेसात टनांपर्यंत १६,०४९ रुपये, वर जीएसटी. यात छोटा हत्ती (म्हणजे टाटा एस) आणि मोठी पिकअप एकाच दावणीला. तुमच्या दीड लिटरच्या आतल्या मोटारीला हेच ३,४१६ पडतात. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा धरला की वर्षाला पंचवीस हजार. सर्व्हिसिंग, टायर, फिटनेस, पीयूसी मिळून आणखी पंचवीस. जुनी गाडी असेल तर किंमत वर्षाला चाळीसेक हजारांनी उतरते. झाले नव्वद हजार, आणि अजून डिझेलचा थेंबही टाकलेला नाही. उलट बाजूला, कोथरूडहून मुळशीला छोटा हत्ती भाड्याने नेलात तर हमालीसकट तीन हजारांच्या आसपास मागतात. स्वतःच्या गाडीने तीच फेरी ऐंशी-नव्वद किलोमीटरची, बाराचं अॅव्हरेज आणि नव्वदच्या घरातलं डिझेल धरलं तर साडेसहाशे रुपयांत होते. म्हणजे फेरीमागे वाचतात तेवीसशे-साडेतेवीसशे. नव्वद हजार वसूल व्हायला वर्षाला अडतीस-चाळीस फेऱ्या मारायला हव्यात. पावसाळ्यातले दोन महिने, गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा वगळून तुमचे किती शनिवार उरतात ते कॅलेंडर समोर ठेवून मोजा. वीस-पंचवीसच निघाले तर ओळखीचा टेम्पोवाला धरून ठेवा आणि इथेच थांबा. माझा धंदा बुडतो, पण हिशेब हा असा आहे.

चाळीस फेऱ्या होत असतील तर पुढे वाचा.

नव्या छोट्या गाड्यांबद्दल फार लिहायचं नाही, कारण त्यात फसण्यासारखं फार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्याच्या किमती उतरल्या. मात्र जुन्या विकणारे अजून आधीच्याच भावाला चिकटून बसलेत. घासाघीस करताना हे तोंडावर फेका. टाटाने जून २०२५ मध्ये एस प्रो आणली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ३.९९ लाख होती, ताकद ७५० किलो. सुपर कॅरीचं चार सिलिंडरचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन मोटारीच्या घराण्यातलं असल्यामुळे ज्याला मोटार चालवायची सवय आहे त्याला ती पहिल्या दिवसापासून जमते. एस प्रो दोन सिलिंडरची आहे. सपाटीवर ठीक, पण भरलेली गाडी चढावर घेताना धीर धरावा लागतो. सीएनजी घेऊ नका असं मी तुम्हाला सांगेन. रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्याला ती परवडते. तुम्ही मात्र शनिवारी सकाळी रांगेत अर्धा तास घालवणार, ११५ किलोचा माल गमावणार आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करत बसणार.

बाकी 'टेम्पो' हा शब्द पुण्याने स्वतःच्याच कारखान्यातून उचललेला आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आणि त्याच वर्षी टाटा एस रस्त्यावर आली. कंपनीच्या पाटीवरून टेम्पो गेला, पण आपल्या तोंडून काही गेला नाही. असो.

नवी डिझेल पिकअप मात्र फक्त शनिवार-रविवारसाठी घेणार असाल तर दहा वेळा विचार करा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर बहुतेक वेळा काजळी अडवणारी जाळी असते, तिला आम्ही डीपीएफ म्हणतो. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी सायलेन्सर सहाशे अंशांच्या जवळपास तापावा लागतो आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीत पळावी लागते. तुमच्या मुळशीच्या फेरीत पौडच्या पुढे तेवढा मोकळा रस्ता मिळेल, तिथवर हरकत नाही. पण गाडी दारात आली की बायको म्हणते मार्केट यार्डातून कांद्याचं पोतं आणा, मेव्हणा म्हणतो टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणायचंय. कोथरूड ते भवानी पेठ, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आठवड्यातून तीनदा. दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात, इंजिन आपोआप ओढ कमी करतं आणि मग टोइंग करून आमच्याकडे येते. जाळी बदलायची वेळ आली की आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

आता जुन्या गाडीकडे येऊ. इथे सांगण्यासारखं खूप आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक पिकअप घेतली. मीटरवर साठ हजार, रंग आरशासारखा, टायर नवे. विकणारा एक एजंट. मी वरून खालपर्यंत बघितली असं मला वाटलं होतं. गॅरेजमध्ये आणून मागच्या बाजूला जॅक लावला तर जॅकचं डोकं चासीत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात, बोटभर आत गेलं. खाली बसून हातोडीने ठोकत गेलो. पुढच्या भागात टण्ण-टण्ण आवाज, आणि हौद्याच्या मधोमध आल्यावर थप्प. पत्रा आतून कुजलेला, वरून काळा रंग मारलेला. मग हौद्यातलं ताजं लाकूड उचकटलं तेव्हा खालून वास आला. गाडी मासळीची होती. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटीतून चासीवर ठिबकलेलं. मीटर खरं होतं की खोटं, त्याने काहीच फरक पडत नव्हता. ती गाडी मी सुटे भाग करून विकली आणि तेव्हापासून हातोडी खिशात असते.

म्हणून सांगतो, हौदा वाचायला शिका. फाळक्याच्या आत, कोपऱ्यात, फळ्यांच्या खाली. पाण्याचे जार वाहिलेली गाडी रोज भिजते आणि रोज शंभर ठिकाणी थांबते, तिची क्लच प्लेट आणि ब्रेक संपलेले असतात, हौद्याच्या तळाला गोल-गोल गंजाचे ठसे दिसतात. दुधाची गाडी रोज धुतात म्हणून वरून स्वच्छ, पण पहाटे तीनला सुरू होऊन इंजिन गरम व्हायच्या आत पळवलेली असते. कोंबड्यांच्या गाडीला पिंजऱ्यांच्या रांगांच्या खुणा आणि न जाणारा वास, कारण विष्ठा पत्रा खाते. मुरूम-वाळू वाहिलेली असेल तर फाळके बाहेरच्या अंगाला फुगलेले दिसतात आणि बिजागऱ्यांना नवं वेल्डिंग असतं. कुरिअरची गाडी आतून कोरी असते, माल हलका वाहिलेला असतो, पण पोरं ती बेफाम पळवतात. मला विचाराल तर बेकरी, मसाले-पापड, औषधं अशा एजन्सीची गाडी आधी बघा. माल हलका, रस्ता ठरलेला, मालक एकच, सर्व्हिसिंगची वही जागेवर. मांडववाल्याची गाडीही चांगली निघू शकते, सीझन सोडला तर ती उभीच असते. फक्त वासे बाहेर काढून केबिनच्या टपावर टेकवलेले असतात, त्यामुळे टप दबलाय का बघा.

नंबरावरूनही थोडं कळतं. एमएच-१२ आणि एमएच-१४ आपल्याच. एमएच-४२ बारामती, एमएच-११ सातारा. एमएच-०८ रत्नागिरी किंवा एमएच-०६ पेण दिसलं की हातोडी आधी काढायची, इंजिन नंतर. खारी हवा आणि कोकणातला पाऊस खालचा पत्रा सोडत नाही.

बघायला सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला आधीच बजावा, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचलात की पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिनाला पहिल्या सेल्फमध्ये पकडायला हवं. दोन-तीन मिनिटांनी ऑइलचं झाकण उघडून त्याच्या तोंडावर नुसतं उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर वयाचा भाग. टणाटण उडायला लागलं आणि धूर यायला लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिनाचं काम निघणार. मग गाडीखाली शिरा. पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांत एखादा वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या गंजाचा पाटा घुसवलेला दिसला तर ती गाडी कायम जादा मालाने पळाली आहे, मालक काहीही सांगो. चासीवर कुठे पट्टी वेल्ड केली आहे का बघा. मालवाहू गाडीच्या चासीला मधल्या भागात वेल्डिंग दिसलं की मी नमस्कार करून निघतो. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि उमटलेला नंबर आरसीशी ताडून पाहा. आरटीओत तोच पेन्सिलचा ठसा लागणार आहे, आणि आकड्यांशी खेळ झाला असेल तर तो कागदावर डोळ्यापेक्षा स्पष्ट दिसतो.

चालवून बघताना रिकामी चालवू नका. रिकामी पिकअप कुठलीही चांगलीच वाटते. विकणाऱ्याला सांगा, पाच-सहाशे किलो माल टाक, मग बघू. तो कुरकुर करेल, करू द्या. कात्रजच्या जुन्या घाटात घ्या, चढावर मध्येच थांबवा, हँडब्रेक ओढून परत उठवा. क्लचचा जळका वास येतोय का बघा. उतरताना अॅक्सिलरेटर सोडा आणि मागून येणारा आवाज ऐका. घूंऽऽ असा आवाज ओढताना नाही पण सोडल्यावर येत असेल तर मागच्या हौसिंगमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकं, बोलतंय. सपाटीवर पुढचे टायर हाताने चाचपा. आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेला घासले असतील तर अलाइनमेंट म्हणून सोडून देऊ नका, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे पुढची चाकं वळवणारे सांधे, बघा. आणि वाटेत वजनकाटा लागला तर शंभर-दीडशे रुपये देऊन रिकाम्या गाडीचं वजन करून घ्या. आरसीपेक्षा दोनशे किलो जास्त भरलं तर हौदा जाड पत्र्याचा बनवून घेतलाय. तुमची तेवढी ताकद गेली, आणि त्याला एवढा जाड हौदा का लागला होता याचंही उत्तर मिळालं.

एक वस्तू कुणी बघत नाही. मागच्या अॅक्सलवर एक छोटी दांडी एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. माल जास्त असेल तर मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ द्यायचा, रिकामी असेल तर कमी, हे तिचं काम. दांडी तुटली की बरेच मिस्त्री व्हॉल्व्ह तारेने बांधून टाकतात, कारण भरलेल्या गाडीला त्याने ब्रेक छान लागतो. मग तीच गाडी रिकामी परत येताना ताम्हिणी घाटात पावसात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होतात आणि गाडी फिरते. अशी आडवी झालेली गाडी मी दोनदा ओढून आणली आहे. तुम्ही मोटारवाले आहात, म्हणून आधीच सांगतो. रिकाम्या पिकअपची मागची बाजू पाट्यांवर नाचते, ती मोटारीसारखी वळणात घालू नका. माल भरताना जड वस्तू केबिनला लागून, हलकी मागे. घरी परत येताना काहीच नसेल तर चार गोण्या मुरूम टाकून या, पावसाळ्यात मी स्वतः तेच करतो.

कागदांचं भराभर सांगतो, पण एकही सोडू नका. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. म्हणून सात वर्षांची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून उड्या मारू नका, पुढच्या वर्षापासून तुमची वारी दरवर्षीची. ई-चलनं गाडीच्या नंबरवर आधी तपासा. मालवाहू गाडीवर पंधरा-वीस हजारांची चलनं साठलेली सर्रास सापडतात आणि ती विक्रेत्याच्या पैशातून कापून घ्यायची असतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का बघा. भरलेलं वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. एस, सुपर कॅरी, दोस्त, इंट्रा व्ही-३० त्यात बसतात, मोठ्या पिकअपचे काही प्रकार त्याच्या वर जातात. पैसे दिले आणि गाडी घेतली, पण नावावर केली नाही, असं चालणार नाही, हे विकणाऱ्यालाही कळायला हवं.

लायसन्सची काळजी करू नका. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते कायम केलं. मात्र हौद्यात माणसं बसवायची नाहीत. "मुलं मागे मजेत बसतील" हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल, आणि ती बरोबर असेल. चौघांनी एकाच गाडीतून जायचं असेल तर बोलेरो कॅम्परसारखी दोन रांगांची गाडी लागेल. तिचा हौदा आखूड, पलंग आडवा घालता येत नाही. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स पांढऱ्या नंबरप्लेटवर मिळतात आणि दिसायला झोकात असतात, पण तुमच्या बजेटच्या चार-पाच पट आहेत.

मालवाहू गाडीची पिवळी प्लेट म्हटलं की आणखी एक पुणेरी प्रकरण. सोसायटीत गाडी लावायच्या आधी कमिटीला विचारून घ्या, लेखी. माझ्या एका गिऱ्हाइकाने कोरी करकरीत गाडी आणली आणि त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर 'निवासी संकुलात व्यावसायिक वाहन' या विषयावर दोनशे संदेश पडले. शेवटी गाडी भूगावला एका ओळखीच्याच्या अंगणात राहिली, आणि गाडी आणायलाच अर्धा तास जाऊ लागला. उभी राहणाऱ्या गाडीची दुसरी कीड म्हणजे उंदीर. पार्किंगमधले उंदीर वायरिंग कुरतडतात. बोनेटखाली तंबाखूची पुडी बांधतात लोक. मला विचाराल तर आठवड्यात एकदा बोनेट उघडून उजेड पाडणं जास्त कामाचं.

तर तुमच्यासाठी माझा कल नव्या छोट्या पेट्रोल गाडीकडे आहे. सहाशे किलो ती आरामात नेईल, सहा लाखांत बसेल, महिनाभर उभी राहिली तरी रुसणार नाही, आणि दोन वर्षं फिटनेसला जायला नको. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर सगळं फिरू शकतं. डांबरी रस्ता सोडल्यावर तुमच्या जागेपर्यंत किती अंतर आहे आणि ते कसं आहे? मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. छोट्या गाडीची बारा-तेरा इंची चाकं चिखलात पोटावर बसतात, आणि मागच्या चाकांवर माल नसेल तर जागच्या जागी फिरत राहतात. तिथे मोठ्या चाकांची जुनी पिकअप लागते. मग २०१७ ते २०१९ मधली, बीएस-६ च्या आधीच्या नियमांतली बीएस-४ बघा, तिला डीपीएफची कटकट नाही. फिटनेसची दरवर्षीची वारी मात्र धरून चाला. एकाच मालकाची, एजन्सीची, चार-साडेचार लाखांपर्यंत. वरचे पाऊण लाख पहिल्या तीन महिन्यांच्या टायर, ब्रेक, क्लच आणि सगळ्या ऑइलसाठी बाजूला ठेवा, ते लागतातच. गावात कुणाला तरी विचारा, दुधाची गाडी आषाढात कुठपर्यंत येते. तुमच्या फाटकापर्यंत येत असेल तर नवी छोटी बुक करा. डांबरावरच थांबत असेल, तर शनिवारी सकाळी हातोडी घेऊन निघा.